एक बादली, तीन इंजिनं

"नमस्कार. आमचं गाव पंचगंगेच्या पलीकडं, पन्हाळ्याच्या वाटेवर. मी कोल्हापुरात शाळेत शिकवते. दारात तीन इंजिनं आहेत. माझी २०२१ सालची छोटी पेट्रोल कार, यांची १२५ सीसीची बाईक आणि सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, वीस वर्षांपूर्वीचा ट्रॅक्टर. साखर कारखाने सुरू व्हायच्या आधी आबा दरवर्षी ट्रॅक्टरच्या ऑइलची बादली आणतात आणि म्हणतात, 'इंजिन ते इंजिन, ह्यातलंच सगळ्यांत घाला.' मी कारमध्ये घालू दिलं नाही म्हणून अजून बोलणी खाते. दोन महिन्यांपूर्वी कारचं सर्व्हिसिंग झालं. कॅनमध्ये अर्धा लिटर ऑइल उरलं, ते यांनी बाईकमध्ये ओतलं. तेव्हापासून चढाला बाईक नुसती ओरडते, ओढत नाही. आणि गेल्या आठवड्यात कारच्या ऑइलचं झाकण उघडलं तर आतून पिवळट पांढरी साय! गॅरेजवाल्यानं बघितल्या बघितल्या सांगितलं, 'हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागंल.' आबा म्हणतात, घट्ट ऑइल घातलं असतं तर ही वेळ आली नसती. गाडीला चालताना काही त्रास नाही, काटाही वर जात नाही. शाळा एका बाजूनं सहा किलोमीटर. वर्षाला चार हजारही होत नाहीत. एवढ्या कमी चाललेल्या गाडीचं हेड कसं जाईल? आणि ज्यांच्या गाड्या तीन-तीन लाख किलोमीटर चालतात ते कुठलं ऑइल घालतात?"
– एक शिक्षिका, करवीर तालुका

ताई, हेड इतक्यात उतरवू नका. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि तो खालच्या भागावर बसतो तिथं मधे असतं ते गॅस्केट. ते फाटलं की रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये शिरून साय धरते, म्हणून गॅरेजवाल्याला तो संशय आला. झाकणाखालच्या सायीवरून फार तर शंका घ्यावी, आणि ती शंका घरच्या घरी पंधरा दिवसांत फिटते.

साय येते कुठून ते आधी सांगतो. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, आणि थोडंथोडकं नाही, लिटरभर पेट्रोलामागं जवळजवळ लिटरभर. बहुतेक सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. थंडीत सकाळी सायलेन्सरच्या तोंडातून ठिबकतं ते हेच पाणी. थोडी वाफ मात्र पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली, ऑइलच्या बाजूला उतरते. इंजिन चांगलं तापलेलं असलं की ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या, नळीतून ती ओढून घेतली जाते. इंजिन कोमट असलं की जिथं गार जागा सापडेल तिथं ती बसते. अख्ख्या इंजिनात सगळ्यांत गार जागा म्हणजे तुमचं ते झाकण. पाणी आणि ऑइल तिथं फेटलं जातं आणि त्याची साय धरते.

आता तुमचा रोजचा रस्ता बघा. घरातून निघालात, शिवाजी पुलावर रांग, गंगावेशीत रांग, शाळा आली. काटा तोवर मध्यावर आलेला असतो, म्हणून इंजिन तापलं असं वाटतं. पण तो काटा कूलंटचा, म्हणजे रेडिएटरमधल्या पाण्याचा. ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं, आणि ते नीट तापायच्या आतच तुम्ही चावी फिरवता. दुपारी परत तेच. शिवाय थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळतं. रोज थोडं पाणी, थोडं पेट्रोल, आणि दोन्ही उडून जायला लागणारी ऊब काही मिळत नाही.

तेव्हा असं करा. सकाळी इंजिन गार असताना बॉनेट उघडा. कूलंटच्या पांढऱ्या डबीवर पातळी जिथं आहे तिथं मार्कर पेननं रेघ मारा. इंजिन गरम असताना रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, वाफेनं तोंड भाजतं. मग ऑइलची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, बाहेर काढा आणि उजेडात धरा. पट्टीवरचं ऑइल सोनेरी, तपकिरी किंवा काळं, कसंही असेना, पण दुधाळ नसेल आणि साय फक्त झाकणालाच असेल, तर निम्मी काळजी मिटली. झाकण फडक्यानं पुसून घ्या. पुढच्या दोन रविवारी गाडी पन्हाळ्याला किंवा हायवेनं कागलच्या पुढं नेऊन आणा, पाऊणएक तास सलग चालली पाहिजे. पंधरा दिवसांनी रेघ आणि झाकण बघा. कूलंट रेघेवरच असेल आणि साय कमी झाली असेल, तर ती तुमच्या छोट्या फेऱ्यांची साय होती.

उलट कूलंट खाली गेलं असेल, डबीत बुडबुडे येत असतील, पट्टीवरचंच ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर तुमच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं ठरेल. तेव्हाही आधी कूलंटची प्रेशर टेस्ट करून मागा. हेड उतरवणं सगळ्यांत शेवटी.

तीन लाखवाल्यांचं कोडंही ह्याच रस्त्यावर सुटतं. कोल्हापूर-पुणे धावणारी टॅक्सी घ्या. सकाळी एकदा थंड इंजिन चालू होतं, मग सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर ते तापलेलंच असतं. संध्याकाळी परतीला तसंच. म्हणजे तीन लाख किलोमीटरांत त्या इंजिनानं थंड स्टार्ट किती सोसले? तुमच्या गाडीनं आतापर्यंतच्या थोड्या किलोमीटरांतच त्याहून जास्त सोसले असतील. इंजिनाची बरीचशी झीज सुरू होतानाच्या पहिल्या काही मिनिटांत होते. सगळं ऑइल खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या भांड्यात, बसलेलं असतं, वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत ते पोचायला क्षण लागतात, आणि इंजिन तापेपर्यंत पिस्टन, रिंगा, बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यातल्या फटी हिशेबात आलेल्या नसतात. टॅक्सीवाला फार भारी ऑइल घालतो असं नाही. त्याचे किलोमीटर सोपे असतात, आणि त्याला वेळेवर ऑइल बदलणं भाग असतं, कारण गाडी उभी राहिली की रोजगार बुडतो. तेव्हा कमी चाललेली गाडी म्हणजे जपलेली गाडी, हे डोक्यातून काढा. सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर नक्कीच काढावं.

म्हणून तुमच्या कारला किलोमीटरचा हिशेब लागू नाही. बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत '१० हजार किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते' असं असतं, आणि त्याच पानाच्या आसपास खडतर वापराचं वेगळं कोष्टक असतं. छोट्या फेऱ्या, रांगेतलं चालणं, धुळीचे रस्ते हे सगळं त्यात मोडतं, आणि तिथं अंतर निम्म्यावर येतं. तुम्ही मीटर न बघता वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदला. पाऊस संपल्यावर बदललेलं मला बरं वाटतं, पावसाळ्यातली ओल ऑइलबरोबर निघून जाते. खंडेनवमीला गाडीला हार घालायचाच असतो, तोच आठवडा धरा. पंधरवड्यातून एकदा लांब फेरी जमणार नसेल, तर मग वर्षातून दोनदा. तीन-साडेतीन लिटर ऑइल आहे, हेड उतरवायच्या मजुरीपुढं ते काहीच नाही.

सकाळी चालू करून दहा मिनिटं दारात घुर्रघुर्र करत ठेवायची सवय असेल तर सोडा. जागेवर उभं इंजिन लवकर तापत नाही, नुसतं पेट्रोल ऑइलमध्ये उतरवतं. अर्धा मिनिट थांबा, निघा, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर ॲक्सिलरेटर हलक्या पायानं दाबा.

आता बाईक, कारण तिची घाई आहे. साहेबांना म्हणावं, आजच ते ऑइल सगळं काढा.

कारच्या इंजिनात ऑइलला फक्त इंजिन सांभाळायचं असतं. बाईकमध्ये तेच लिटरभर ऑइल इंजिन सांभाळतं, गिअर सांभाळतं, आणि क्लचच्या प्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात. क्लचला पकड हवी. आणि कारच्या नव्या पातळ ऑइलांमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं मुद्दाम घातलेली असतात, अॅव्हरेज वाढावं म्हणून. कॅनवर एपीआयचा, म्हणजे ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचा, गोल शिक्का असतो, त्याच्या खालच्या अर्ध्यात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' लिहिलेलं असेल तर ते ऑइल ह्याच जातीचं. ते क्लचच्या प्लेटांवर बसलं की प्लेटा घसरतात, इंजिन ओरडतं आणि चाकाला जोर जात नाही. तुम्ही लिहिलंय ते नेमकं हेच.

बाईकच्या ऑइलच्या कॅनवर 'जासो एमए' किंवा 'एमए२' बघून घ्यायचं. जपानी कंपन्यांनी १९९८ साली मोटरसायकलसाठी ठरवलेली ही खूण. एमए२ ची पकड एमए पेक्षा जास्त. 'एमबी' दिसलं तर ते गिअरच्या बाईकला नको, ते स्कूटरसाठी. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, ऑइलमध्ये नसतो, त्यामुळं तिथं घसरण्याचा प्रश्न येत नाही. किती जाडीचं घ्यायचं ते पुस्तिकेत असतं. १००-१२५ सीसीच्या बऱ्याच बाईकना १०डब्ल्यू-३० असतं (ह्या आकड्यांचा अर्थ पुढं सांगतो).

नवीन ऑइल घातल्यावर शे-दोनशे किलोमीटर चालवून बघा. प्लेटा जळालेल्या नसतील तर पकड परत येते. त्याआधी क्लचच्या दांड्याचा ढिलेपणा तपासा. टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळा खेळ लागतो. केबल ताणलेली असेल तर चांगल्या ऑइलमध्येही क्लच घसरेल. हे सगळं करूनही ओरडणं राहिलंच, तर प्लेटा बदलायच्या.

आणखी एक. अर्धा लिटर 'ओतलं' म्हणजे पट्टी बघून ओतलं का? लिटरभराच्या इंजिनात अर्धा लिटर जास्त झालं तर क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणारा दांडा, त्यात आपटत राहतो, ऑइलला फेस येतो, आणि फेसानं इंजिनाचं रक्षण होत नाही. बाईकची पट्टी बघायची रीत लोकांना माहीत नसते. बाईक मेन स्टँडला, सपाट जागेवर. साइड स्टँडला कललेली असली की पट्टी खोटं बोलते. इंजिन बंद करून चार-पाच मिनिटं थांबायचं. झाकण फिरवून काढायचं, पट्टी पुसायची, आणि बऱ्याच बाईकना ती आट्यांवर नुसती टेकवायची, फिरवून घट्ट करायची नाही. फिरवून घट्ट केली की पट्टी तेवढी खाली जाते आणि कमी असलेलं ऑइल भरपूर दिसतं. तुमच्या बाईकची रीत पुस्तिकेत एका ओळीत दिलेली असेल.

आता आबा. आबांचं ट्रॅक्टरच्या बाबतीत बरोबर आहे, आणि वीस वर्षं तो ट्रॅक्टर त्यांनी चालवला म्हणजे त्यांना कळतं. त्या बादलीवर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असेल, आणि एपीआयची सी ने सुरू होणारी अक्षरं असतील, सीआय-४ वगैरे. सी म्हणजे डिझेल, एस म्हणजे पेट्रोल. पेट्रोलमध्ये २०२० ला एसपी आलं, त्याआधी एसएन होतं. बादलीतल्या ऑइलमध्ये डिझेलची काजळी धरून ठेवणारी आणि आम्ल मारणारी द्रव्यं जास्त असतात, कारण ट्रॅक्टर इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर (आरपीएमवर), उसाच्या ट्रॉल्या मागं लावून, तासन्‌तास ओढतो. त्याला तेच हवं.

तुमच्या कारला ते का नको? एक कारण सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग. ऑइलमध्ये झीज रोखायला जस्त आणि फॉस्फरसचं संयुग घालतात. थोडं ऑइल सगळीच इंजिनं जाळतात, आणि त्यातला फॉस्फरस कन्व्हर्टरवर बसून त्याला निकामी करत जातो. म्हणून पेट्रोल गाड्यांच्या ३० आणि त्याहून पातळ ऑइलांत फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या वर नको असा नियम आहे. डिझेलच्या जुन्या जातीच्या ऑइलांत तो त्याहून जास्त असतो.

दुसरं कारण जाडी, आणि आबांशी वाद तिथंच आहे. '५डब्ल्यू-३०' मधला पहिला आकडा थंडीतला, दुसरा १०० अंशांवर तापल्यावरचा. आबा म्हणतील, कोल्हापुरात काय बर्फ पडतोय होय? खरं आहे. २०डब्ल्यूचं ऑइलसुद्धा उणे २० अंशांना पंपातून ओढलं गेलं पाहिजे अशी परीक्षा असते, आणि आपल्याकडं डिसेंबरात पारा १४-१५ वर आला तरी आपण कानटोपी काढतो. म्हणजे घट्ट ऑइल घातलं तर इंजिन सुरूच होणार नाही असं काही नाही. पण गुऱ्हाळावर काकवी बघितलीय ना? चुलवाणावरची कशी धावते आणि सकाळच्या गार डब्यातली कशी लोंबते. ४० अंशांवर २०डब्ल्यू-४० हे ५डब्ल्यू-३० च्या साधारण दुप्पट घट्ट असतं, आणि सकाळी सातला आणखी. ट्रॅक्टर दिवसातून एकदा सुरू होतो, मग दिवसभर तापलेला. तुमची कार दिवसातून दोनदा सुरू होते आणि दोन्ही वेळा अर्धवट तापून थांबते, म्हणजे तिचं जवळजवळ सगळं आयुष्य गार काकवीत. शिवाय आताच्या पेट्रोल इंजिनांत ऑइलच्या दाबावर चालणारी नाजूक कामं असतात, व्हॉल्व्हची वेळ मागंपुढं करणारी यंत्रणा त्यातलीच. तिच्या बारीक वाटा पातळ ऑइल धरूनच ठरवलेल्या असतात. तुमच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ती पुस्तिका अजून प्लास्टिकसकट असेल, तिच्यात ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० यांपैकी काहीतरी छापलेलं सापडेल. तेच घाला. घट्ट ऑइलनं बळ येतं हे जुन्या, झिजून फटी वाढलेल्या इंजिनांचं शहाणपण आहे. तिथं ते खोटंही नव्हतं.

आणि ती साय घट्ट ऑइलनंही आली असतीच. पाणी पेट्रोलमधून येतंय.

बादली बाईकला चालेल का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण घरात निघणारच. गंमत म्हणजे डिझेलची काही ऑइलं जासो एमएची खूण घेऊन येतात, आणि त्यांनी क्लच घसरत नाही. साहेबांनी कारऐवजी बादलीतलं ओतलं असतं तर कदाचित बाईक ओरडली नसती. पण बादलीवर ती खूण छापलेली नसेल तर प्रयोग नको. तीन कॅन ठेवा, तिन्हीवर रंगानं नाव लिहा, आणि उरलेलं ज्याचं त्यालाच घाला.

"ऑइल काळं पडलं, बदला" असं कुणी म्हटलं तर फार मनावर घेऊ नका. ऑइल काळं पडतं म्हणजे ते आतली घाण स्वतःत धरून ठेवतंय. ट्रॅक्टरचं तर बदलल्यावर थोड्याच तासांत काळं होतं. उलट महिनोन्‌महिने मधासारखं राहणारं डिझेलचं ऑइल बघितलं तर मीच जरा विचारात पडेन. रंगावरून काही कळत असेल तर दोनच गोष्टी: दुधाळ झालं तर पाणी शिरलंय, आणि बोटांत धरल्यावर पाण्यासारखं पातळ लागून पेट्रोल-डिझेलचा वास आला तर इंधन शिरलंय.

माझ्या मते इंजिनं मरतात ती ऑइलच्या कंपनीनं नाही, ऑइलच्या पातळीनं. चुकीच्या जाडीचं ऑइल इंजिनाची वर्षं कमी करेल. पातळी संपलेलं इंजिन गगनबावड्याच्या चढात एका दुपारी बसतं. उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंगला येणारे क्रँक बघा, निळे पडलेले जर्नल (बेअरिंग बसते तो क्रँकचा गोल भाग) आणि वितळलेल्या बेअरिंगा. त्यांतल्या किती जणांनी आधीच्या महिन्यात पट्टी बघितली होती, विचारा. महिन्यातून एक रविवार ठरवा, सकाळी गाडी काढायच्या आधी. पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. दोन खुणांच्या मध्ये असेल तर बंद करून चहाला जा. खालच्या खुणेशी असेल तर तेच ऑइल थोडं थोडं घाला, वरच्या खुणेच्या पुढं नको. आणि किती घातलं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. दर महिन्याला घालावं लागत असेल तर ते कुठंतरी जातंय. खाली फरशीवर डाग नसतील तर जळतंय. सकाळी चालू करताना किंवा करूळ घाट उतरून खाली पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर निळसर धुराचा लोट आला तर बहुधा व्हॉल्व्हचे सील. जोर दिला की कायमच निळा धूर, तर रिंगा.

डॅशबोर्डवरचा ऑइलच्या किटलीचा लाल दिवा पातळीचा आहे अशी समजूत आहे. तो दाबाचा. तो लागेपर्यंत पातळी पार गेलेली असते. चालताना लागला तर 'पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ' नाही, कडेला घ्या आणि इंजिन बंद.

ऑइल बदलताना तुम्ही समोर उभ्या राहता का? राहा. तीन गोष्टी बघायच्या. गाडी कोमट असावी आणि सपाट उभी असावी, एका बाजूनं जॅकवर कलवून काढलं की जुनं ऑइल आत राहतं. ड्रेन नटाचा वायसर नवीन असावा. आणि जुना फिल्टर निघाला की त्याचं रबरी कडं त्याच्याबरोबर निघालंय ना ते बघा. ते इंजिनालाच चिकटून राहिलं आणि वरून नवा फिल्टर बसला तर दोन कडी एकावर एक होतात, आणि हायवेवर दाबानं सगळं ऑइल बाहेर. नवा फिल्टर हातानं आवळायचा, कड्याला बोटानं ऑइल लावून. कुणी 'डिझेल घालून आतून धुऊन देतो' म्हणालं तर हात जोडा. ते डिझेल सगळं कधीच निघत नाही, नव्या ऑइलला पातळ करतं.

बाटलीत मिळणारी इंजिनाची टॉनिकं घेऊ नका. कंपनी कुठली, ह्या वादात मी पडत नाही. कॅनवर पुस्तिकेतली जाडी आणि अक्षरं छापलेली असली, सील शाबूत असलं आणि पक्कं बिल मिळालं की नामांकित कंपन्यांपैकी कुठलंही चालतं. बाजारात बनावट माल आहे, तो जुन्याच कॅनमध्ये भरला जातो. म्हणून रिकामा कॅन भंगारात द्यायच्या आधी सुरी घालून फाडा. सिंथेटिक घ्यायचं का? नव्या कारला लागणारी ०डब्ल्यू, ५डब्ल्यूची ऑइलं बहुतेक तीच असतात, वेगळं ठरवायला लागत नाही. बाईकला साधं ऑइल वेळेवर बदललं तरी पुरे.

ट्रॅक्टरवर मात्र आबांना एक विचारा: एअर क्लीनर शेवटचा कधी उघडला? जुन्या ट्रॅक्टरांना तळाला ऑइलची वाटी असलेला क्लीनर असतो. ऊसतोडीच्या दिवसांत पाणंदीतली धूळ त्या वाटीत बसून तळाशी चिखल होतो. धुळीत वाळूचे बारीक कण असतात, ते आत गेले की रिंगा आणि बोअर कानशीनं घासावेत तसे झिजतात, आणि त्याला बादलीतलं कुठलंच ऑइल आवरू शकत नाही. हंगामात ती वाटी आठवड्याला काढून धुवावी, नवीन ऑइल खुणेपर्यंत भरावं. खुणेच्या वर नको, जादा ऑइल इंजिन ओढून घेतं आणि डिझेल इंजिन त्यावर आपोआप पळत सुटू शकतं. इंजिनाचं ऑइल तासांवर बदलायचं असतं, बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांना २५० तासांच्या आसपास. तासांचं मीटर बंद पडलेलं असेल, असतंच, तर हंगामाच्या आधी एकदा आणि मध्यात एकदा.

तुमचं गाव नदीकाठचं, म्हणून पुराचं सांगतो. २०१९ आणि २०२१ ला काय झालं ते तुम्ही बघितलंय. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आली की तिन्ही वाहनं उंचावर हलवा, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका. इंजिनापर्यंत पाणी चढलेलं वाहन ओसरल्यावर 'चालू होतंय का बघू' म्हणून अजिबात फिरवायचं नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवा, टोचन करून न्या, आधी सगळं ऑइल काढा. ट्रॅक्टर पाण्यात उभा होता तर गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचं ऑइलही बघा, तिथं ब्रीदरमधून पाणी शिरतं आणि महिनाभर कळत नाही.

राहिलं काढलेलं काळं ऑइल. आबा ते गोठ्याच्या लाकडाला किंवा शटरिंगला देत असतील, कुणी बांधावरच्या गवतावरही ओततं. ओढ्यात, पाटात, विहिरीच्या आसपास ते जाऊ देऊ नका. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. झाकणाच्या डब्यात साठवा, पाणी-डिझेल मिसळू देऊ नका, आणि कारच्या सर्व्हिसिंगला जाताना बरोबर न्या. नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्याला ऑइल देणारं सर्व्हिस सेंटर असेल तर ते ठेवून घेतं, फोन करून आधी विचारा.